शाळा बांधली कोणी?

(अभ्यासलेख. वाचनासाठी शास्त्रभाग : नहेम्या 2:1-8 व अध्याय 3, मार्क 12:41-44, 2 करिंथ 8:1-5)



नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उपासनेत वाचायला सहसा कोणी तयार नसते. सगळी नावेच नावे, आणि तीही जीभ अडखळेल अशी. अमक्याने वेस बांधली, त्याच्या शेजारी तमक्याने डागडुजी केली, कोणी अडसर बसवले, कोणी आपल्या घरासमोरचाच तुकडा उचलला. ईश्वरविज्ञानाच्या वर्गात असताना मीही हा अध्याय परीक्षेपुरता वाचला आणि पुढे गेले.

पाड्यांवर काम करू लागल्यावर मात्र त्या यादीतली माणसे दिसू लागली. त्यात सोनार आहेत, अत्तरे करणारे आहेत, याजक आहेत. शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या कन्यांना घेऊन भिंतीच्या कामाला उभा आहे. तकोवच्या सरदारांनी खांदा दिला नाही, तेही स्पष्ट लिहून ठेवले आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लाकूड राजाचे होते. दुसऱ्या अध्यायात अर्तहशश्त राजा आपल्या वनाच्या रखवालदाराला पत्र देतो आणि वेशींसाठी लाकूड मिळते. देणाऱ्याची ही नोंद एका वचनात संपते. बांधणाऱ्यांना मात्र नहेम्या अख्खा अध्याय देतो.

हा अध्याय मनात ठेवून आज आपण अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या खेड्यांतील काही शाळांचा इतिहास पाहू. त्या 'रोझेनवाल्ड शाळा' या नावाने ओळखल्या जातात. शाळा आफ्रिकन-अमेरिकन मुलांच्या, म्हणजे गुलामांच्या नातवंडा-पतवंडांच्या. नाव मात्र एका श्रीमंत देणगीदाराचे. नाव का पडले हे आपण पाहूच. पण बांधल्या कोणी आणि आज जपत कोण आहे, हा प्रश्न आपल्यासारख्या देणाऱ्या मंडळीने जास्त लक्ष देऊन विचारायला हवा.

सुरुवात अक्षरबंदीपासून करावी लागते. गुलामीच्या काळात अलाबामा राज्याने 1832 साली कायदा केला की कोणी गुलामाला किंवा मुक्त कृष्णवर्णीयालाही लिहा-वाचायला शिकवले तर 250 ते 500 डॉलर दंड. इतर काही राज्यांतही असेच कायदे होते. पवित्र शास्त्र ऐकायला मोकळीक, पण वाचायला बंदी! 1865 साली गुलामी संपली तेव्हा आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसून मुळाक्षरे गिरवू लागले. बाक होता चर्चचा. रविवारी उपासना, सोमवारी शाळा, छप्पर तेच. पाळक हाच बऱ्याचदा शिक्षकही.

अमेरिकन बोर्ड हे नाव आपल्यापैकी अनेकांना ओळखीचे असेल. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे त्या बोर्डाचे मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. पुढे अहमदनगरला मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. याच बोर्डाचे एक मिशनरी हवाई बेटांवर काम करत होते. त्यांचा मुलगा सॅम्युएल आर्मस्ट्राँग याने 1868 साली व्हर्जिनियात, अमेरिकन मिशनरी असोसिएशनच्या मदतीने, मुक्त झालेल्या गुलामांसाठी हॅम्प्टन येथे शिक्षणसंस्था उघडली. आणि जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. म्हणजे अहमदनगर आणि हॅम्प्टन यांच्यात फार लांबचे नाते नाही. चुलत घराण्याचे म्हणा.

त्या हॅम्प्टनच्या दारात 1872 साली एक सोळा वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला. नाव बुकर वॉशिंग्टन. जन्म गुलामीतला. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणीच्या गावापासून सुमारे 500 मैलांचा प्रवास, त्यातला कितीतरी पायी. कपडे मळलेले. प्रवेशपरीक्षा म्हणून त्याला एक खोली झाडायला सांगितली. त्याने ती तीनदा झाडली आणि चार वेळा फडक्याने पुसली, असे तो स्वतःच्या चरित्रात सांगतो. पुढे 1881 साली याच वॉशिंग्टन यांनी अलाबामात टस्कीगी येथे शिक्षक तयार करणारी संस्था उभी केली. विद्यार्थ्यांनी विटा स्वतः भाजल्या आणि इमारती स्वतः बांधल्या.

शिक्षक तयार होत होते, पण ते जाणार कुठे? 1896 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना 'वेगळे पण समान' ठेवणे कायदेशीर ठरवले. वेगळे ताबडतोब झाले. समान झाले नाही. शाळांचा कर सगळ्यांकडून घेतला जाई, पण जिल्ह्याच्या शाळामंडळावर गोरेच असत आणि पैसा गोऱ्यांच्या शाळांकडे वळे. कृष्णवर्णीय मुलांची शाळा म्हणजे चर्चचा कोपरा, नाहीतर गळकी झोपडी. वर्ग भरायचा तोही कापसाच्या हंगामाच्या मधल्या काही महिन्यांपुरता. आईबाप अर्धेलीने शेती करणारे, हिशेब जमीनमालकाच्या वहीत. ज्याला वहीतला आकडा वाचता येत नाही त्याचे कर्ज कधी फिटत नाही, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको.

आता देणगीदाराकडे वळू. ज्युलियस रोझेनवाल्ड हे शिकागोचे यहुदी व्यापारी. वडील जर्मनीहून आलेले, कापडाच्या धंद्यातले. सीअर्स रोबक ही टपालाने माल पाठवणारी मोठी कंपनी. तिचे ते अध्यक्ष झाले आणि गडगंज झाले. त्यांच्या सभास्थानाचे रब्बी एमिल हर्श संपत्तीच्या जबाबदारीवर परखडपणे बोलत, आणि रोझेनवाल्ड ते ऐकत. 1910 साली त्यांनी वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र वाचले. त्याच सुमारास त्यांनी जाहीर केले की कोणतेही शहर कृष्णवर्णीयांच्या वाय. एम. सी. ए. इमारतीसाठी 75,000 डॉलर उभे करील तर आपण 25,000 देऊ. देण्याची ही त्यांची रीत पुढेही टिकली : तुम्ही उभे करा, मी भर घालतो.

1911 साली दोघांची भेट झाली. 1912 साली पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीला 25,000 डॉलर दिले. त्यातून 2,800 डॉलर उरले. एवढ्या पैशात खेड्यांत सहा लहान शाळा होतील का पाहू, अशी परवानगी वॉशिंग्टन यांनी मागितली. मोठ्या देणगीतल्या उरलेल्या सुट्या पैशातून पुढे हजारो शाळा झाल्या. आपल्याकडे उरलेली रक्कम बऱ्याचदा 'किरकोळ' या सदराखाली जाते, हे लिहिताना मला आठवल्याशिवाय राहिले नाही.

पहिली शाळा 1913 साली अलाबामातल्या लोचापोका या गावी पूर्ण झाली. खर्च 942 डॉलर 50 सेंट. रोझेनवाल्ड यांचे 300. गावातल्या गोऱ्या लोकांनी दिले 360. कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी रोख आणि अंगमेहनत मिळून 282 डॉलर 50 सेंट. तयार तुकड्यांची लाकडी घरे सीअर्स कंपनी विकत असे. ती शाळांसाठी वापरावीत असा विचार रोझेनवाल्ड यांनी मांडला होता. वॉशिंग्टन यांना ते पटले नाही. लाकूड तिथलेच असावे आणि हात तिथलेच असावेत, असे त्यांचे मत. बाहेरून आलेली तयार शाळा गावाची होत नाही.

1915 च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन वारले, पण काम थांबले नाही. 1917 साली रोझेनवाल्ड फंड स्थापन झाला. 1920 पासून बांधकामाचा कारभार टस्कीगीहून टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरी गेला. रोझेनवाल्ड 1932 च्या जानेवारीत वारले. त्या वर्षापर्यंत 15 राज्यांत 4,977 शाळा, 217 शिक्षकनिवास आणि 163 कार्यशाळा उभ्या राहिल्या होत्या, एकूण 5,357 इमारती. सहा लाखांहून अधिक मुलांना बसण्याची सोय झाली. 1928 साली दक्षिणेतल्या खेड्यांतली, कृष्णवर्णीय मुलांची दर पाचवी शाळा रोझेनवाल्ड शाळा होती.

आता पुढचे आकडे शांतपणे वाचा, आणि गटात वाचत असाल तर कोणालातरी फळ्यावर लिहायला सांगा. एकूण खर्च सुमारे 2 कोटी 84 लाख डॉलर. त्यात करातून आलेला सरकारी पैसा 1 कोटी 81 लाख. स्थानिक गोऱ्या लोकांच्या देणग्या 12 लाख. रोझेनवाल्ड फंडाचे सुमारे 44 लाख. आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे 47 लाख.

म्हणजे ज्याच्या नावाने शाळा ओळखल्या जातात त्या कोट्यधीशापेक्षा, अर्धेलीने कापूस पिकवणाऱ्यांनी जास्त दिले. शिवाय सरकारी करातही त्यांचा वाटा होताच. तो कर त्यांनी एकदा भरला. शाळा मिळाली नाही म्हणून पुन्हा पैसे काढले. इतिहासकार याला दुहेरी कर म्हणतात. मी हा अन्यायच म्हणेन, आणि त्या लोकांनी तो जाणूनबुजून अंगावर घेतला असेही म्हणेन, कारण न्याय होईपर्यंत थांबायचे तर मुले मोठी होऊन गेली असती.

हे पैसे आले कुठून? चर्चच्या भोजनांतून, डबे लिलावात विकून, कोंबड्या आणि अंडी विकून. काही गावांनी कापसाचा एखादा एकर शाळेसाठी राखून ठेवला. पुरुषांनी झाडे तोडली, गाड्यांतून गिरणीवर नेऊन फळ्या काढल्या. बायांनी बांधणाऱ्यांसाठी स्वयंपाक केला. जमीन कोणी दिली, कुठे चर्चने दिली. आणि हे सगळे करून शेवटी जमीन आणि इमारत सरकारी शाळामंडळाच्या नावे करून द्यावी लागे, कारण फंडाची अट तशी होती. अट कडक होती, पण तिच्यामागे विचार होता : शाळा खाजगी धर्मादायाची राहू नये, ती चालवण्याची जबाबदारी सरकारवर पडावी.

अलाबामाच्या ग्रीन काउंटीत बोलिगी नावाचे गाव आहे. तिथल्या सभेची हकिकत फंडाच्या एका प्रतिनिधीने कळवून ठेवली आहे. त्या वर्षी कापसाच्या बोंडांत सोंडकिडा पडून पीक गेले होते. लोकांकडे काही नव्हते, तरी शाळेसाठी वर्गणीची सभा भरली. एक म्हातारा उठला. गुलामीचे दिवस पाहिलेला. खिशातून त्याने एक तेलकट, जुनी थैली काढली आणि टेबलावर उलटी केली. सगळी नाणी. मोजली तेव्हा 38 डॉलर भरले. ती त्याची आयुष्याची कमाई होती. आपल्या नातवंडांच्या मुलांना संधी मिळावी एवढेच त्याचे म्हणणे.

मार्कचा बारावा अध्याय आपण दानार्पणाच्या वेळी वाचतो, आणि विधवेच्या दोन टोल्यांचे कौतुक करतो. पण येशू तिथे देणाऱ्यांची रांग पाहत बसला होता, आणि तिने किती टाकले यापेक्षा तिच्याजवळ काय उरले हे त्याने पाहिले. बोलिगीच्या त्या म्हाताऱ्याचे नाव मला या हकिकतीत मिळाले नाही. आकडा मिळतो, थैली कशी होती तेही मिळते.

या शाळांच्या कामात बायांचा एक वर्ग होता, त्याविषयी थोडे जास्त लिहिते. मी स्वतः समाजकार्यकर्ती असल्यामुळे असेल. फिलाडेल्फियाच्या ॲना जीन्स या क्वेकर पंथीय बाईंनी 1907 साली दहा लाख डॉलर ग्रामीण कृष्णवर्णीय शाळांसाठी दिले. त्यातून पर्यवेक्षक शिक्षिका नेमल्या गेल्या. 1908 साली व्हर्जिनियाच्या हेन्रिको काउंटीत व्हर्जिनिया रँडॉल्फ ही पहिली. या बाया एका शाळेहून दुसऱ्या शाळेला जात, शिक्षकांना शिकवत, मुलांची स्वच्छता पाहत, आयांना फळे टिकवून डब्यात भरायला शिकवत आणि नव्या शाळेसाठी वर्गणी गोळा करत. गोऱ्या अधिकाऱ्याशी नमते घेऊन बोलायचे, आणि त्याच अधिकाऱ्याकडून शाळेचा महिना वाढवून घ्यायचा. फंडाच्या इतिहासात मोठ्या माणसांची नावे येतात. पण गावोगावची वर्गणी ज्यांनी चालून चालून जमवली, त्यांच्यात या बाया फार होत्या. आपल्या पाड्यांवर फिरणाऱ्या भगिनींनी हे वाचावे.

इमारतीही साध्या पण विचारपूर्वक केलेल्या. पहिले नकाशे टस्कीगीचे वास्तुविशारद रॉबर्ट टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढले. टेलर हे मॅसेच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन. खेड्यात वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्यांची एक सलग रांग. पुढच्या नकाशांत तर शाळा अशी बसवायची की उजेड पूर्व-पश्चिमेकडून यावा आणि बाके अशी मांडायची की तो मुलाच्या डाव्या खांद्यावरून वहीवर पडावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली पडत नाही. (डावखुऱ्या मुलांचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.) दोन खोल्यांमध्ये सरकती भिंत, ती बाजूला केली की गावाची सभा भरते. रंग कोणता द्यायचा तेही ठरलेले. त्या चकचकीत रंगवलेल्या शाळेकडे पाहून रस्त्याने जाणाऱ्याला कळे की इथल्या लोकांनी आपल्या मुलांसाठी काहीतरी केले आहे.

सगळे छानच होते असे कोणी समजू नये. या शाळा वेगळ्या ठेवलेल्या मुलांच्याच होत्या. गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेली पुस्तके इथे येत. गोरी मुले बसने जात आणि ही मुले मैलोन्‌मैल चालत. विचारवंत डू बॉइस यांचा वॉशिंग्टन यांच्यावर आक्षेप होता की हातकामाच्या शिक्षणावर भर देऊन आणि गोऱ्यांशी जुळवून घेऊन ते हक्काची लढाई पुढे ढकलतात. रोझेनवाल्ड यांनीही वेगळेपणाच्या कायद्याला हात लावला नाही; त्या चौकटीत राहूनच त्यांनी पैसा दिला. मला डू बॉइस यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. पण त्या चौकटीतल्या शाळांतूनच चौकट मोडणारे निघाले, हेही खरे. अलाबामाच्या पाइक काउंटीतला जॉन लुईस हा अर्धेली शेतकऱ्याचा मुलगा अशाच शाळेत शिकला, पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत मार खाल्ला आणि अनेक वर्षे अमेरिकेच्या संसदेत बसला. लेखिका माया अँजेलो अर्कान्सासमधल्या रोझेनवाल्ड शाळेत शिकल्या. शिकागोच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जनगणनेच्या नोंदी तपासून दाखवले आहे की दोन महायुद्धांच्या दरम्यान ग्रामीण कृष्णवर्णीयांच्या शालेय शिक्षणात जी वाढ झाली, तिचा मोठा हिस्सा या शाळांमुळे होता.

बसचीच गोष्ट पुढे न्यायालयात गेली. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत जोसेफ डिलेन हे पाळक आणि शिक्षक. 1947 साली तिथल्या पालकांनी त्यांच्या प्रोत्साहनाने मुलांसाठी बस मागितली. नकार आला. मागणी वाढत वाढत समान शाळांची झाली आणि शेवटी वेगळेपणच बेकायदा ठरवा अशी झाली. डिलेन यांचे घर जळाले, चर्च जळाले, त्यांना राज्य सोडावे लागले. पण त्यांचा खटला ज्या पाच खटल्यांत एक होता, त्यांवर 17 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला : शाळांत वर्णभेद घटनाबाह्य आहे.

आणि या विजयानेच त्या शाळा रिकाम्या केल्या. निकालाची अंमलबजावणी रखडत रखडत झाली, पण झाली तेव्हा बंद पडल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या शाळा. हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्या लाकडी इमारतींसाठी आजोबांनी कापूस विकला होता त्या कुठे गवताच्या वखारी झाल्या, कुठे कोणाचे घर, कुठे नुसत्याच वाळवीला दिलेल्या. नातवंडे शहरांकडे गेली.

जिथे शाळा टिकली तिथे बहुतेक वेळा जवळ चर्च होते, किंवा शाळेचे जुने विद्यार्थी गावात राहिले होते. दक्षिण कॅरोलायनातल्या पोमारिया येथली होप शाळा 1925-26 सालची, दोन खोल्यांची, चर्चला लागून. 'होप' हे जमीन देणाऱ्या कुटुंबाचे आडनाव. पण अर्थ आशा असाच आहे. 1954 साली शाळा बंद झाली. 1958 साली गावच्याच लोकांनी ती समाजमंदिर आणि दफनभूमी सांभाळणाऱ्या आपल्या संघासाठी परत घेतली. एकदा आजोबांनी पैसे देऊन बांधलेली, सरकारला लिहून दिलेली इमारत नातवंडांनी पुन्हा मिळवली. जॉर्जियातल्या कॅसव्हिल गावची नोबल हिल शाळा 1923 साली बांधली गेली, 1955 साली बंद पडली आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या खटपटीने 1989 साली संग्रहालय म्हणून उघडली. व्हर्जिनियातली स्क्रॅबल शाळा 1968 साली बंद झाली. 2009 पासून तिथे वृद्धांचे केंद्र आणि वारसाकेंद्र आहे. एके काळी जिथे मुले बसली तिथेच आता तीच माणसे काठी टेकत येतात.

अलाबामातल्या नोटासल्गा गावाजवळच्या शायलो शाळेविषयी मात्र अवघड गोष्ट सांगावी लागेल. बाप्टिस्ट चर्चजवळची ही शाळा टस्कीगीच्याच भागातली. याच भागात 1932 पासून 1972 पर्यंत अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंश रोगाचा अभ्यास केला. रोग्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नाही, आणि पेनिसिलिनचे औषध उपलब्ध झाल्यावरही दिले नाही. 1997 साली राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. त्या पुरुषांपैकी काहींच्या कबरी शायलो चर्चच्या दफनभूमीत आहेत. तिथल्या लोकांनी शाळा, चर्च आणि कबरी मिळून जपायचे ठरवले. नुसती शाळा रंगवून अभिमानाचे तेवढे दाखवता आले असते. त्यांनी तसे केले नाही.

2002 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा न्यासाने रोझेनवाल्ड शाळांना देशातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या 11 वारसास्थळांच्या यादीत घातले. तेव्हापासून शोध, नोंदी आणि अनुदाने यांना वेग आला. दहापैकी सुमारे एक इमारत उरली असावी असा अंदाज आहे. काम कष्टाचे असते. आधी छप्पर, कारण पाणी शिरले की बाकी सगळे व्यर्थ. मग पाया आणि वाळवी. मग खिडक्या : वीज आल्यावर कित्येक ठिकाणी त्या फळ्या ठोकून लहान केल्या होत्या, त्या पुन्हा उघडायच्या. 2021 च्या जानेवारीत रोझेनवाल्ड आणि या शाळा यांच्या नावे राष्ट्रीय उद्यान करता येईल का हे तपासण्याचा कायदा झाला.

स्वतः रोझेनवाल्ड यांना इमारतींवर आपले नाव नको असे. त्यांनी फंडही कायमचा ठेवला नाही. आपल्या मृत्यूनंतर 25 वर्षांच्या आत सगळे खर्च करून टाका असे लिहून ठेवले, आणि 1948 साली फंडाने दार बंद केले. नाव दिले ते लोकांनी. कित्येक वर्गांत त्यांचे चित्र टांगलेले असे. कृतज्ञतेने दिलेले नाव आहे, त्यात वावगे काही नाही. पण फंडाचे जुने दप्तर नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात आहे, आणि तिथल्या कार्डांवर प्रत्येक शाळेचा फोटो आणि चार रकाने आहेत : कृष्णवर्णीय, गोरे, सरकार, रोझेनवाल्ड. प्रत्येकापुढे डॉलर. पहिल्या रकान्यात एक आकडा असतो, माणूस नसतो. म्हणून आज शाळा जपणारे गट इमारतीबरोबर नावेही शोधतात. दक्षिणेतल्या चर्चमध्ये वर्षातून एकदा दूर गेलेली सगळी माणसे आपल्या मूळ मंडळीत परत येतात. अशा दिवशी म्हाताऱ्यांना जुना फोटो दाखवून विचारले जाते : ही कोण? जमीन कोणी दिली? स्टोव्हसाठी लाकडे कोण आणायचे?

इथे मला आमची एक चूक कबूल करायला हवी. एका पाड्यावर मिशनची जुनी एकखोली शाळा होती. कुडाच्या भिंती, सागाच्या मेढी, वर कौले. दहा वर्षांपूर्वी आम्ही ती पाडून पक्की खोली बांधली आणि देणगीदारांच्या नावाची फरशी बसवली. पाडताना एक आजोबा येऊन उभे राहिले आणि एकेका मेढीला हात लावून सांगत गेले : ही अमक्याच्या वाडीतली, ही आम्ही दोघा भावांनी रात्री वाहून आणली, हे आढे तमक्याने दिले. मी ऐकत होते. हातात वही होती, पण तिच्यात सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब चालला होता. आजोबा आता नाहीत. मला त्यांतली दोनच नावे आठवतात, आणि त्यांतल्या एकाची खात्री नाही.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या गावी, पाड्यावर किंवा मंडळीत मिशनची जुनी शाळा, वसतिगृह किंवा दवाखाना उभा आहे, किंवा नुसता चौथरा उरला आहे, त्यांनी या नाताळच्या सुटीत तिथल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीशेजारी बसावे. घाई करू नये. जमीन कोणाची होती, माती कोणी मळली, पाणी कोणत्या बाया आणत, पहिल्या वर्गात कोण कोण होते, हे विचारावे. नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि पाडा, असे पूर्ण लिहावे. फोटो असेल तर त्याच्या मागे पेन्सिलीने लिहावे, शाईने नको. ज्यांनी काम करायला नकार दिला त्यांची नावे कोणी सांगितली तर तीही ऐकून घ्यावीत. नहेम्याने घेतली होती. लिहिलेले कागद कार्यालयाकडे पाठवा. पुढच्या अंकापासून शेवटच्या पानावरच्या देणगीदारांच्या यादीशेजारी ही दुसरी यादी छापायचे संपादक मंडळाने मान्य केले आहे. पान अपुरे पडले तर पान वाढवू.